माळावरच्या शर्यतीची शिदोरी

मोटारसायकलींच्या शर्यतीला पहिल्या वर्षी मी घरचाच कापूस कानात घालून गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, दिवाळीपासून ओसरीत कापसाची गंजी लागलेली. कान झाकायला वेगळं काही विकत आणावं लागतं, हे तेव्हा मनातही आलं नाही. बाबांनी दोन बोंडांतली सरकी काढली, कापूस बोटांनी चांगला पिंजला आणि बोळे करून आमच्या दोघांच्या कानात बसवले. पहिल्या गटाच्या बारा-पंधरा गाड्या एकदम सुटल्या तसे त्यांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. रात्री जेवताना आई काही बोलली की ते दोन-दोनदा "काय म्हणतं?" विचारत होते. माझ्या कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होती.

तालुक्याच्या गावाबाहेर मुरमाचा मोठा माळ आहे. फेब्रुवारीत तिथं मोटारसायकलींची मातीतली शर्यत भरते. आधी चार-पाच दिवस जेसीबी लावून उंचवटे, खड्डे, वळणं तयार करतात आणि टँकरनं पाणी मारतात. आदल्या रात्री ट्रकांतून गाड्या उतरतात. सकाळी आपल्याकडच्या साध्या गाड्यांचे गट असतात, पोरांनी दिवे-आरसे काढून ठेवलेले. दुपारनंतर खास मोटोक्रॉसच्या, म्हणजे अशा मातीतल्या शर्यतीसाठीच बनवलेल्या, उंच, हलक्या, दातेरी टायरच्या गाड्या धावतात. त्या उंचवट्यावरून उडाल्या की माळावर क्षणभर कुणी श्वास घेत नाही. मला हे फार आवडतं. तीन वर्षांत एकदाही चुकवलं नाही, आणि सोबत घरच्यांना नेल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तयारीचं हे सगळं सांगतो आहे.

आम्ही मुळात पटवाले, म्हणजे शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, रमणारे. बाबांनी ऐन उमेदीत शंकरपटात जोडी हाकलेली. शर्यतींवरच्या बंदीच्या काळात तळेगाव दशासरच्या पटाचं नाव काढलं तरी ते उठून धुऱ्यावर जाऊन बसत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना पुन्हा परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी गोठ्यात उदबत्ती लावली होती. त्यामुळे दिवसभर उन्हात उभं राहून शर्यत पाहणं आम्हाला नवं नाही, असं आम्ही धरून चाललो. खांद्यावर दुपट्टा, एका फडक्यात भाकर, हातात पाण्याची बाटली, झालं. पटाला तेवढं पुरतं. दानीच्या, म्हणजे बैल पळतात त्या पट्ट्याच्या, बाजूला एखादं लिंबाचं किंवा बाभळीचं झाड असतं, ओळखीचा कास्तकार भेटतो, त्याच्या बैलगाडीखाली सावली मिळते, रांजण असतो.

मुरमाच्या माळावर यातलं काहीच नाही. झाड नसतं म्हणूनच तर तिथं शर्यत होते. शामियाना असतो, पण तो पाहुण्यांनी सकाळीच भरतो. फेब्रुवारीत आपल्याकडे पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पारा चौतिशीला टेकतो, त्यात मुरूम खालून तापतो. पहिल्या वर्षी आम्ही दोघांत दोन बाटल्या नेल्या होत्या. अकरापर्यंत माझी रिकामी झाली. बाबांची मात्र निम्म्याहून जास्त भरलेली होती. मला वाटलं, जुनं हाड, तहान सोसवते. दीडच्या सुमाराला ते खाली बसले ते उठेनात. पोटऱ्यांत गोळे आले होते, डोकं गरगरत होतं. रुग्णवाहिकेजवळच्या मुलीनं त्यांना सावलीत घेतलं, ओआरएस पाजलं आणि मला विचारलं, "आजोबा पाणी का पीत नव्हते?" उत्तर बाबांनीच दिलं, मान खाली घालून. "लघवीले कुठं जाव बाई? चारी बाजूनं लोक."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पाणी किती न्यायचं हे सगळेच सांगतात. पण म्हातारी माणसं आणि बाया पाणी सोबत असूनही पीत नाहीत, कारण जायला आडोसा नसतो. हा प्रश्न सुटल्याशिवाय कितीही कॅन भरून न्या, ते भरलेले परत येतात.

दुसऱ्या वर्षी ताई, भाऊजी आणि भाची सोबत होती, गाडी भाऊजींची. निघायच्या आदल्या रात्री मी ही अडचण आईला सांगितली. ती उठली, पेटीतून आजीचं जुनं नऊवारी लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे घेजो. सगळ्याले कामी येते." गडद हिरवं, जाड सुताचं, दोन ठिकाणी दंड घातलेलं. मी पांढरी चादर काढली होती, ती तिनं बाजूला ठेवली. उन्हात पांढऱ्या पातळ कापडातून सावली दिसते, बाईमाणसाला त्याचा उपयोग नाही.

त्या लुगड्यानं दिवस सांभाळला. गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडायची, लुगड्याचं एक टोक पुढच्या दाराच्या चौकटीला सुतळीनं बांधायचं, दुसरं मागच्या दाराला. मध्ये उभ्या माणसाला छातीपर्यंत आडोसा मिळतो, खाली बसलं की पूर्ण. नऊ वार कापड असल्यानं वरचा घडीचा भाग डोक्यावरून ओढता येतो. बाजूला एक कॅन आणि तांब्या ठेवला, एक खुरपं ठेवलं. वापरून झालं की माती लोटायची. ताई दिवसातून तीनदा गेली आणि तीनदा पोटभर पाणी प्यायली. बाबाही गेले. दुपारी तेच लुगडं गाडीच्या टपाला आणि दोन बांबूंना बांधलं, त्याच्या सावलीत पाच जणांचं जेवण झालं. परत येताना मागच्या सीटवरच्या सामानावर तेच पांघरलं. आता आमच्या सामानात सगळ्यात आधी ते लुगडं ठेवलं जातं, बाकीचं नंतर.

पाण्याचं आता ठरलेलं आहे. प्यायला माणशी चार लिटर, आणि हात-पाय धुवायला वेगळा वीस लिटरचा कॅन. पिण्याच्या कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळायचं आणि तासा-दोन तासांनी त्यावर ओंजळभर पाणी मारायचं. दुपारी तीनलाही पाणी माठातल्यासारखं लागतं. बर्फाच्या नादी लागू नका. बर्फ कुठल्या पाण्याचा हे कळत नाही, आणि दहा वाजेपर्यंत तो वितळून गेलेला असतो. ओआरएसची पाकिटं नेतोच. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ हात सैल सोडून घालायचं नाही. तहान लागायची वाट न पाहता प्रत्येक गट संपला की चार घोट, असा आमचा नेम.

उन्हाचं मी जास्त सांगतो आहे असं कुणाला वाटेल. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली, तेव्हा उकाड्यामुळे मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणावी लागली होती. तरीही दुसरा आलेला होर्गे मार्टिन गाडीवरून उतरला तो अंगातलं पाणी आटून गळालेला. ते जगातले सगळ्यात तयार गडी, मागे डॉक्टरांची फौज, आणि धावणं तासाभराच्या आतलं. आपले साठी ओलांडलेले बाबा नऊ ते सहा उन्हात उभे राहतात.

नऊ ते सहा हे मुद्दाम सांगतो. या दिवसात प्रत्यक्ष गाड्या पळतात तो वेळ सगळा मिळून दोन-अडीच तासांचा असेल. एक गट काही मिनिटांत संपतो. मग टँकर फिरतो, जेसीबी वळण सारखं करतो, कुणी पडलं असेल तर थांबायचं. म्हणजे तयारी करायची ती वाट पाहण्याची. बसायला नुसती ताडपत्री घातली की मुरमाचे खडे टोचतात आणि ती तव्यासारखी तापते. खाली पोत्याचं चवाळं, त्यावर सतरंजी. बाबांसाठी घडीची खुर्ची. मांडी घालून इतका वेळ बसणं आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि ते स्वतःहून सांगणार नाहीत. भाचीसाठी वही-पेन्सिल. ती प्रत्येक गाडीचा नंबर लिहिते, कोण कितवा आला, कोण पडला. नऊ वर्षांच्या पोरीला फोन देऊन बसवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, शिवाय फोनची बॅटरी वाचते.

बॅटरीवरून आठवलं. माळावर हजारो माणसं जमली की नेटवर्क बसतं. फोन लागत नाही, मोबाइलवरून पैसे जात नाहीत, आणि चहावाला सुट्टे मागतो. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. भाचीच्या हातावर मी घरूनच पेननं दोन नंबर लिहितो आणि पोचल्याबरोबर तिला एक जागा दाखवतो, हरवलीस तर इथं येऊन उभी राहा. फाटक दाखवायचं नाही, फाटकावरच गर्दी फुटते. आम्ही निशाणीला पाण्याचा टँकर उभा करायची जागा धरतो, तो लांबून दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर दिवसभर तिथंच फिरकतो.

कानांकडे परत येतो. कापूस आवाज फारसा अडवत नाही. त्याच्या तंतूंत हवा खेळती राहते आणि आवाज आरपार जातो. पोकळ बोळा तर कान झाकल्याचं नुसतं समाधान देतो. औषधांच्या दुकानात किंवा कारखान्याला लागणारं सुरक्षेचं सामान विकतात तिथं फोमचे बोळे मिळतात, ते आणा. घालायची रीत आहे. बोळा दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, मग बोळा आत सारून अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा. तो आत फुगतो आणि जागा भरतो. नुसता वर टेकवला तर कापसात आणि त्यात फरक नाही. कानाला ८५ डेसिबल आठ तास सोसवतात असं धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. शंभरपर्यंत गेलं की पंधरा मिनिटं उरतात. मोटोक्रॉसची गाडी दोरीजवळून गेली की शंभर सहज होतात. लहान मुलांच्या कानात हे बोळे नीट बसत नाहीत, भाचीला म्हणून डोक्यावरून घालायचे कानझाकण घेतलं. पहिल्या तासात तिनं ते चारदा काढलं. मग मी तिच्या वहीत लिहिलं, "गाडी आली की कान बंद, गेली की उघडे," आणि तिनं तो खेळ करून टाकला.

धुळीसाठी दुपट्टा उत्तमच. थोडा ओला करून नाकातोंडावरून घट्ट बांधायचा. डोळ्यांना मात्र बंद कडांचा चष्मा पाहिजे. साध्या गॉगलच्या बाजूनं मुरूम शिरतो, आणि मागच्या चाकातून उडालेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा येतो. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर फवारणीचे चष्मे घरोघरी दिसू लागले. तसलाच चष्मा शर्यतीला चालतो, पण कोरा. फवारणीला एकदा वापरलेला चष्मा, कॅन, दस्ताना, काहीही या पिशवीत येता कामा नये. धुतलंय म्हणून चालत नाही. या बाबतीत मी घरात कुणाचं ऐकत नाही.

कुठं उभं राहायचं हे बाबांनी शिकवलं. माळावर पोचलो की ते ओंजळभर माती उचलतात, हात डोक्याइतका उंच नेतात आणि बोटांतून हळूहळू सोडतात. खळ्यावर उपणणीच्या आधी वारा पाहायची त्यांची हीच रीत. माती जिकडे वाहते तिकडे उभं राहायचं नाही, उलट्या अंगाला सतरंजी टाकायची. दुपारी वारा फिरतो, ते पुन्हा माती सोडून पाहतात आणि आम्ही हलतो. मी त्यात एवढीच भर घातली की वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि उडी पडते त्या ठिकाणी उभं राहायचं नाही. गाडी हातातून सुटली की तिकडेच येते. दोरी दोन पदरी असेल तर आपण दुसरीच्या मागे, मग पुढे कितीही मोकळी जागा दिसो.

जेवणात मी दोनदा चुकलो. पहिल्यांदा आलूची भाजी नेली, ती गाडीतल्या गरमीत दोन वाजेपर्यंत उतरली. दुसऱ्यांदा एका मोठ्या डब्यात सगळ्यांच्या पोळ्या. झाकण उघडलं, तेवढ्यात शेजारच्या वळणावरून गट गेला आणि पोळ्यांवर लाल थर बसला. आता आई दुधात कणीक भिजवून दशम्या करते, आणि प्रत्येकाचं वेगळं पुडकं बांधते. दोन दशम्या, कोरडी लसणाची चटणी, गुळाचा खडा. आपलं पुडकं आपण मांडीवर उघडायचं, हवं तेवढं मोडायचं, परत बांधायचं. बाबांना ठेचा लागतोच, त्यानं तहान वाढते म्हणून त्यांच्या पुडक्यात जास्तीचा कांदा. आणि संत्री. फेब्रुवारीत मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या झाडांचा, माल आलेला असतो, वरूड-मोर्शीकडची गोड-आंबट फळं चौकातच मिळतात. संत्र्याला स्वतःचं साल आहे, धूळ आत जात नाही, हात मळके असले तरी फोड स्वच्छ निघते. माणशी तीन घ्या. साली पिशवीत परत आणा, त्या वावरात मुक्कामाला आलेल्या गुरांनी प्लास्टिकसकट खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत.

गाडी लावतात ते वावर बहुतेक तुरीचं असतं. तूर कापून नेल्यावर जमिनीत राहिलेले खुंट तिरपे आणि टोकदार असतात, चपलेच्या तळातून पायात जातात. बूट घाला. गाडी धुऱ्याजवळ, रस्त्याकडे तोंड करून लावा. पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा पंप घ्या. यंदा आमच्या शेजारची दोन चाकं तशीच बसली, आणि आमचा पंप तिसऱ्या माणसाच्या हातात होता तेव्हा अंधार पडत होता. सूर्य कलला की गारठा लगेच येतो, म्हणून सकाळचे स्वेटर डिकीत न टाकता वरच ठेवायचे.

यंदा भाचीनं झेंडे पाठ केले होते. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे थांबा, चौकटींचा म्हणजे संपलं. दुपारच्या गटात १७ नंबरचा पोरगा दुसऱ्या उंचवट्यावर पडला, तेव्हा माझ्याआधी तिला पिवळा झेंडा दिसला. तो उठेपर्यंत तिनं माझी बाही सोडली नाही. मग विचारलं, "मामा, यात मुली नसतात का?" मी तिला बंगळूरच्या मोटारसायकलपटू ऐश्वर्या पिस्सेचं सांगितलं, २०१९ मध्ये तिनं बाहा, म्हणजे वाळवंट-माळरानातल्या लांब पल्ल्याच्या, शर्यतींच्या विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं होतं. भाचीनं वहीच्या शेवटच्या पानावर ते नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. आईनं लुगडं अंगणात झटकलं, मग बादलीत बुडवलं. पहिलं पाणी मुरमासारखं लाल निघालं, दुसरं विटकरी, तिसऱ्याला हिरवा रंग परत दिसला. बाबा पडवीत बसून आपले फोमचे बोळे पुसत होते. मी म्हटलं, टाकून द्या, पुढच्या वर्षी नवे आणू. त्यांनी कंबरेची चुनाळू, चुन्याची डबी, काढली, तिचं रिकामं घर दुपट्ट्याच्या कोरड्या टोकानं साफ केलं आणि बोळे त्यात ठेवून झाकण दाबलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पटाले लागतीन. तिथले भोंगे काय कमी हायेत का?"